चौथी लाल चिठ्ठी

मित्रांनो, मला पंख नाहीत हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुमचा हिरमोड व्हायला नको. शेपटीही नाही. चाके आहेत, पण ती इकडून तिकडे ढकलण्यापुरती, हातगाडीला असतात तशी. तरीही ज्या बागेत मी सध्या उभा आहे तिथे येणारी मुले "विमान, विमान" करत माझ्याकडे धावत सुटतात, आत चढतात, दांडा पुढेमागे करतात आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढताना माझ्या काचेवर थुंकी उडवतात. मला ते आवडते. मग त्यांतले एखादे चौकस मूल डाव्या बाजूच्या पत्र्यातल्या भोकात हमखास बोट घालते आणि खाली उभ्या असलेल्या आईला विचारते, "इथे काय होतं गं?" आई म्हणते, "असेल काहीतरी. आधी बोट काढ, अडकेल."

तिथे काय होते ते मी सांगतो. पण त्यासाठी मला माझे सगळे आयुष्य सांगावे लागेल, आणि त्यातला एक दिवस असा आहे की तो वगळता आला असता तर मी आनंदाने वगळला असता.

मी एक जुना शिकाऊ डबा आहे. हे माझे सरकारी नाव नव्हे. सरकारी नाव चांगले दीड ओळीचे होते आणि ते कागदांखेरीज कुणाच्याच लक्षात राहत नसे. वायुदलाच्या प्रशिक्षण तळावर जी तरुण मुलेमुली वैमानिक व्हायला येत, त्यांना खऱ्या विमानात बसवण्याआधी माझ्यात बसवत. त्यांनीच मला 'डबा' म्हणायला सुरुवात केली. पहिल्यांदा मला राग आला होता. पुढे अंगवळणी पडले.

आमचा तळ म्हणजे आधी नुसते माळरान होते. युद्ध सुरू झाले, वैमानिक कमी पडू लागले, आणि एका उन्हाळ्यात तिथे तंबू उभे राहिले. तंबूंच्या लाकडी बराकी झाल्या, शिडीवरच्या खोक्याचा नियंत्रण मनोरा झाला, गवतावर उतरणाऱ्या विमानांसाठी डांबरी धावपट्टी झाली. युद्ध संपल्यावर तळ गाशा गुंडाळणार असे सगळे धरून चालले होते, पण तो राहिला आणि वाढला. इथून एकही विमान कुणावर हल्ला करायला गेले नाही. इथे फक्त शिकवत. दर सहा महिन्यांनी चोवीस नवी तोंडे यायची, ढगळ गणवेशात, पहाटेच्या कवायतीने अर्धमेली झालेली. वर्षभराने त्यांतली अठरा-एकोणीस छातीवर पंखांचा बिल्ला लावून बँडच्या तालावर बाहेर पडायची. उरलेल्यांचे काय झाले हे कुणी फारसे विचारत नसे.

माझा जन्म एका वादळात झाला. बाहेर दोरखंडाने बांधून ठेवलेले एक शिकाऊ विमान वाऱ्याने उलटे केले. पंख मोडले, शेपूट तुटली, पण बसायची जागा आणि समोरची घड्याळे धडधाकट राहिली. तळावरचा सुतार, पत्रेवाला आणि घड्याळे दुरुस्त करणारा एक तरुण मिस्त्री असे तिघे मिळून मोठ्या साहेबांकडे गेले आणि ते धूड त्यांनी मागून घेतले. तीन महिने त्यांनी माझ्यावर जीव तोडून काम केले. माझा पुढचा भाग खऱ्या विमानाचा आहे आणि मागचा भाग सामानाच्या खोक्यांच्या फळ्यांचा. आतून हात फिरवलात तर एका फळीवर अजून 'वरची बाजू' असे छापलेले दिसेल, आणि ते नेमके खाली आले आहे. सुताराला वाचता येत नव्हते असे नाही, त्याला घाई होती.

माझ्या पाठीमागे एक टेबल असे आणि त्यावर बारा खटके. शिक्षकाने एक खटका दाबला की माझे उंचीचे घड्याळ बंद पडे, दुसरा दाबला की तेलाचा काटा खाली येई, तिसरा दाबला की इंजिन 'बंद' होई. आत बसलेल्याने न गोंधळता योग्य त्या कळा योग्य त्या क्रमाने फिरवायच्या आणि प्रत्येक गोष्ट मोठ्याने म्हणायची. थोडक्यात, खोटे बिघाड करून दाखवणे हाच माझा धंदा होता. त्यात मी तरबेज होतो.

मिस्त्रीचा माझ्यावर फार जीव. तो अबोल, काडीपैलवान, कानामागे कायम पेन्सिल खोवलेली. सुतार आणि पत्रेवाला पुढे बदलून गेले, मिस्त्री राहिला. माझ्या घड्याळांच्या काचा तो स्वतःच्या रुमालाने पुसायचा आणि तोच रुमाल नंतर तोंड पुसायला वापरायचा.

माझ्या कौतुकाचे दिवसही मी पाहिले आहेत, नाही म्हणत नाही. एकदा एक उंच वैमानिक आपल्या जुन्या तळाला भेट द्यायला आला. डोंगरावर त्याचे इंजिन बंद पडले होते. तो सगळ्या वर्गासमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "खरं सांगू? मी काहीच विचार केला नाही. भीतीनं डोकं बंद पडलं होतं. हात मात्र आपोआप चालले, इथे चालायचे तसेच. या डब्यानं वाचवलं मला." त्या दिवशी मला पंख फुटायचेच काय ते बाकी होते. त्याचे शब्द मी पुढे किती वेळा आठवले असतील. आपले हात इथे शिकतात तसेच तिथे चालतात, हे ऐकून मला अभिमान वाटला होता. या गोष्टीला घाबरायलाही हवे, हे मला सुचले नाही.

आता त्या भोकाकडे येतो. तिथे पितळेची एक चावी होती, तीन बोटांत मावेल एवढी. विमानाच्या दोन्ही पंखांत पेट्रोलची एकेक टाकी असते. चावी डावीकडे असली की डाव्या टाकीतले पेट्रोल इंजिनाला जाते, उजवीकडे फिरवली की उजव्या टाकीतले. दर अर्ध्या तासाने टाकी बदलायची, आणि इंजिन बंद पडले तर सगळ्यात आधी बदलायची. मागून शिक्षक विचारत, "टाकी?" आत बसलेल्याने चावी फिरवायची आणि म्हणायचे, "बदलली." फिरताना ती टक् असा आवाज करी. माझ्या सगळ्या आवाजांत मला तोच आवडायचा.

त्या वर्षी आमच्याकडे एक शिक्षक होते. त्यांच्या गळ्यात कायम स्टॉपवॉच, म्हणून पोरांनी त्यांचे नाव घड्याळसर ठेवले होते. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. विद्यार्थ्यांसाठी ते मरमर मरत. त्यांचे एकच वेड होते, वेग. इंजिन बंद पडल्यावर करायच्या सगळ्या गोष्टी चाळीस सेकंदांत झाल्या पाहिजेत. "हवेत तुम्हाला कुणी चहा विचारणार नाहीये," असे ते म्हणायचे. "चाळीस सेकंद, नाहीतर जमीन."

त्यांच्या त्या तुकडीत एक बुटकी मुलगी होती. माझ्यात बसल्यावर तिला समोरच्या काचेतून नुसते छत दिसायचे. दुसऱ्या दिवशी ती काखेत एक उशी घेऊन आली. तिचे वडील खुर्च्या-सोफ्यांची गादीकामे करत. उरलेल्या तपकिरी रेक्झिनची, पांढऱ्या जाड दोऱ्याने शिवलेली उशी त्यांनी तिला दिली होती.

"सर, उशी चालेल का?"

घड्याळसरांनी भुवया उंचावल्या. "विमान चालवायला आलीस की झोपायला?"

"दोन्ही एकदम नाही करणार, सर."

वर्ग हसला, सरही मिशीत हसले, आणि त्या दिवसापासून तिचे नाव 'उशी' पडले. खऱ्या विमानात तिला उशी लागत नसे, कारण तिथे पॅराशूटच्या जाड गठ्ठ्यावरच बसायचे असते. त्यामुळे उशी माझ्यातच राहायची. इतर पोरे ती काढून मागे फेकायची आणि ती रोज न बोलता उचलून झटकायची. तिचा हात हलका होता. माझा दांडा ती ओढायची नाही, नुसता वळवायची. मला ती आवडली, आणि हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितले नाही.

त्याच तुकडीतला एक आडदांड मुलगा एकदा बाहेर पडताना माझ्या चावीवरच पाय देऊन उतरला. आतली सळई वाकली आणि चावी डावीकडे अडकून बसली. कितीही जोर लावा, हलायला तयार नाही.

तळावर नियम होता. एखादा भाग बिघडला की त्याला सुतळीने लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर बिघाड, तारीख आणि सही. चिठ्ठी बांधली की ती वस्तू वापरायची नाही. तो भाग चिठ्ठीसकट काढून कार्यशाळेत न्यायचा आणि दुरुस्त होऊन आल्यावरच ती सुटायची. मिस्त्रीने त्याच दुपारी चिठ्ठी बांधली. अक्षर वळणदार होते त्याचे. 'चावी डावीकडे अडकली आहे. फिरत नाही. वापरू नये.'

घड्याळसरांनी ती वाचली. "किती दिवस लागतील?"

"समोरचं सगळं उघडावं लागेल, सर. कार्यशाळेत न्यायचा म्हणजे आठवडा धरा."

"आठवडा? दहा दिवसांवर परीक्षा आलीय यांची."

"पण सर, चावी फिरत नाही."

"अरे, एक चावी. बाकीचं सगळं चालतंय ना? हात लावायचा आणि म्हणायचं. काय करायचं ते कळतंय त्यांना, पुरे झालं. परीक्षा झाली की ने तू."

त्यांनी चिठ्ठी सोडली आणि मिस्त्रीच्या खिशात ठेवली, अगदी प्रेमाने. पुढच्या सोमवारी मिस्त्रीने दुसरी चिठ्ठी बांधली. तीही सुटली. परीक्षा झाली, पण पाठोपाठ बाहेरच्या अधिकाऱ्यांची पाहणी आली. तिसरी बांधली, तीही सुटली. महिनाअखेरीला माझ्या तपासणीचा कागद आला. मिस्त्री माझ्यासमोर स्टुलावर बसला, कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा खोवली. चौथी चिठ्ठी त्याने लिहिली नाही. कागदावर 'ठीक' असे लिहून खाली सही केली आणि तो जेवायला गेला.

सर मागून विचारत, "टाकी?" पोरे चावीला बोट लावत आणि म्हणत, "बदलली." उलट वेळ वाचायचा. उशीचा हात सगळ्यांत चलाख. एके दिवशी तिने अडतीस सेकंद केले. घड्याळसरांनी स्टॉपवॉच वर धरून सगळ्या वर्गाला दाखवले. तिच्या बोटाचा चावीला झालेला स्पर्श मला अजून जाणवतो. माशी बसून उडावी इतकाच.

तुम्ही विचाराल, खऱ्या विमानात ती चावी फिरवत नव्हती का? मित्रांनो, शिक्षकांबरोबरची उड्डाणे पाऊण तासाची असत. मागे बसलेले शिक्षक गरज पडली तर स्वतःच्या बाजूची चावी फिरवून मोकळे होत. टाकी बदलायची खरी वेळ यायची ती दीड तासाच्या पहिल्या एकट्याच्या प्रवासात. दोन गावांवरून वळसा घालून परत यायचे. तुकडीत सगळ्यांत हुशार जो असेल त्याला हा मान आधी मिळे. तो उशीला मिळाला.

त्या सकाळी ती हँगरमागच्या माझ्या खोलीत आली. उशी सरळ केली, माझ्या कडेवर दोन बोटे टेकवली आणि गेली.

आमच्या हँगरमध्ये भिंतीवर एक कर्णा होता. मनोऱ्याशी वैमानिक जे बोलत ते त्यावर सगळ्यांना ऐकू येई. तासभर तिचा आवाज येत राहिला, नेहमीसारखा, थोडा बारीक. मग ती म्हणाली, "इंजिन बंद झालंय." तिचा आवाज चढला नव्हता. "टाकी बदलली. सुरू होत नाही." मनोऱ्याने काहीतरी विचारले. ती पुन्हा म्हणाली, "टाकी बदलली. परत सांगते, बदलली. खाली शेत दिसतंय, तिथे उतरते."

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. सगळे बाहेर धावपट्टीकडे पळाले. तो एकटा उलट्या दिशेने पळत माझ्याकडे आला आणि त्याने माझ्या चावीवर हात ठेवला. ती हलली नाही.

उशी वाचली. नांगरलेल्या शेतात विमान नाकावर उलटले आणि तिचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला. त्या मोडक्या विमानात डाव्या टाकीत थेंब नव्हता आणि उजवी काठोकाठ भरलेली होती. चावी डावीकडेच होती.

थोड्या वेळाने घड्याळसर आले. ते माझ्याकडे पाहत होते आणि मिस्त्री जमिनीकडे.

"मिस्त्री, ही चावी..."

"हो, सर."

"उद्या चौकशीवाले येणार आहेत."

एवढेच बोलून ते गेले. 'दुरुस्त कर' असेही ते म्हणाले नाहीत, आणि 'करू नको' असेही नाही. जेवणाचा भोंगा झाला. मिस्त्रीने दार लावून घेतले. समोरचे काहीही न उघडता तो माझ्या सीटखाली आडवा झाला, खालून हात घातला, चिमट्याने सळई सरळ केली आणि तेलाचे दोन थेंब सोडले. मग चावी फिरवली. टक्. माझा आवडता आवाज, आणि तेव्हा तो मला नकोसा झाला. आठवड्याचे काम एका जेवणाच्या सुट्टीत झाले होते. अर्धा तास उरलाही होता. उरलेला अर्धा तास मिस्त्री तिथेच सीटला टेकून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तीन अधिकारी आले. त्यांतले एक लठ्ठ गृहस्थ माझ्यात कसेबसे मावले. त्यांनी एकेक कळ पाहिली. चावी फिरवली. टक्, टक्. "छान ठेवलाय हो," ते मिस्त्रीला म्हणाले. "साधन उत्तम आहे. शिकवण्यात काही दोष दिसत नाही." मिस्त्री मूग गिळून उभा राहिला. आणि मी तरी काय केले? लोखंडाला बोलता येत नाही हे खरे. पण नेमक्या त्या घडीला एखादी चावी पुन्हा अडकू शकते. मी अडकलो नाही. चांगल्या वस्तूसारखा वागलो.

उशी इस्पितळाच्या खाटेवरून एकच सांगत राहिली, "मी बदलली होती. मी मोठ्यानं म्हटलंसुद्धा." समोर टाक्या होत्या आणि टाक्या खोटे बोलत नव्हत्या. तिच्या कागदावर शेरा बसला. निष्काळजीपणाचा असता तर एक वेळ चालला असता. शेरा होता, 'चूक लपवण्यासाठी खोटे सांगते.' तिचे नाव तुकडीतून काढून टाकले.

दोन आठवड्यांनी तिचे वडील तिचे सामान न्यायला आले. ठेंगणे गृहस्थ, बोटांना सुया टोचून टोचून पडलेले घट्टे. त्यांना कुणीतरी माझ्या खोलीपर्यंत आणून सोडले. त्यांनी सीटवरची उशी उचलली, एक टाका उसवला होता त्यावरून अंगठा फिरवला. मिस्त्री तिथेच होता.

"तुम्ही यातले जाणकार आहात," ते म्हणाले. "मुलगी म्हणते, मी चावी फिरवली होती. ती लहानपणापासून कधी खोटं बोलली नाही हो. असं होऊ शकतं का? म्हणजे, माणसानं फिरवली आणि ती फिरली नाही, असं?"

मिस्त्रीचे ओठ हलले. आता बोलेल, असे मला वाटले. तेव्हा बोलला असता तर सगळे निभावले असते.

"मला काय माहीत," तो म्हणाला. "मी आपला काचा पुसतो."

वडिलांनी मान डोलावली, त्याचे आभार मानले आणि उशी काखेत घेऊन ते गेले. आभार कशाबद्दल मानले देव जाणे.

त्यानंतर घड्याळसरांनी गळ्यातले स्टॉपवॉच काढून टेबलाच्या खणात टाकले. पुढच्या प्रत्येक तुकडीकडून ते चावी दहा-दहा वेळा फिरवून घेत. "हात लावू नका, फिरवा. आवाज आला पाहिजे." वर्षभरात त्यांनी बदली मागून घेतली. म्हणजे तळ जे शिकायचे ते शिकला. फक्त जिच्या पायावर शिकला तिला कुणी कळवले नाही.

पुढे पडदे आणि संगणक असलेली नवी यंत्रे आली. त्यांत ढग दिसायचे, पाऊस पडायचा. मी अडगळीत गेलो. माझ्या सीटवर रंगाचे डबे रचले गेले आणि एका मांजरीने माझ्यात दोनदा पिल्ले घातली. मिस्त्री मात्र अधूनमधून यायचा. डबे बाजूला करायचा, चावीला तेल द्यायचा आणि एकदा फिरवायचा. टक्. मग तसाच उभा राहायचा. त्याचे केस पिकले, पेन्सिलच्या जागी चष्म्याची काडी आली. एकदा त्याने खिशातून एक पत्र काढले, माझ्या पत्र्यावर ठेवून त्यावर नाव लिहिले, वाचले आणि फाडून टाकले. असे त्याने दोन-तीनदा केले असेल.

चोवीस वर्षे गेली. भोवतालचे गाव वाढत वाढत कुंपणाला भिडले, नव्या विमानांना आमची धावपट्टी तोकडी पडू लागली आणि तळ बंद करायचे ठरले. निरोपाच्या दिवशी जुन्या वैमानिकांना बोलावले होते. बिल्ला मिळालेल्यांनाच आमंत्रण होते. पण प्रत्येक कामगाराला घरच्यांसाठी दोन पास मिळाले. मिस्त्रीने त्यांतला एक पाकिटात घालून पाठवला, सोबत एका ओळीची चिठ्ठी. या वेळी त्याने ती फाडली नाही.

मला धुऊनपुसून हँगरच्या दारात मांडले होते. दुपारी गर्दी भाषणांकडे गेली तेव्हा एक बुटकी बाई काठी टेकत आली. डावा पाय ती जरा ओढत होती. मिस्त्री स्टुलावरून उठला आणि उभाच राहिला.

"तुम्ही पास पाठवलात?" तिने विचारले.

"हो."

"का?"

तो रुमालाने माझी काच पुसू लागला. तिने काठी माझ्या अंगाला टेकवली. "बसू का यात?"

चढायला तिला त्रास झाला, पण मदतीला पुढे आलेला त्याचा हात तिने घेतला नाही. ती बसली. समोरच्या काचेतून तिला छत दिसत असणार. तिने डोळे मिटले आणि पुटपुटत एकेक कळ फिरवू लागली. क्रम चुकला नाही. चोवीस वर्षांनंतर एकसुद्धा चुकला नाही. मग डावा हात खाली आला, बोट चावीला लागले, उडाले.

"टाकी बदलली," ती म्हणाली.

आणि थांबली. तिने डोळे उघडले. चावी डावीकडेच होती. तिने आधी चावीकडे पाहिले, मग आपल्या बोटाकडे, कितीतरी वेळ.

"बाई, ती फिरत नव्हती," मिस्त्री म्हणाला. "तुमच्या वेळी अडकली होती. तीन चिठ्ठ्या लिहिल्या मी. चौथी लिहायला हवी होती. लिहिली नाही, ठीक म्हणून सही केली."

"सर म्हणायचे, हात लावा आणि म्हणा." ती हळू बोलत होती, स्वतःशीच. "मी विसरूनच गेले होते. मला वाटत होतं मी फिरवली. आजही शपथेवर सांगितलं असतं." मग तिने त्याच्याकडे पाहिले. "पण चौकशीवाल्यांनी फिरवून पाहिली होती ना? तेव्हा बरी फिरली?"

"त्यांच्या आधी मी दुरुस्त केली. आदल्या दिवशी. जेवणाच्या सुट्टीत."

"एका सुट्टीत झाली?"

"हो."

ती हसली असे मला वाटले, पण ते हसू नव्हते. "बाबा मला म्हणायचे, जाऊ दे पोरी, चुका होतात माणसाकडून. मी म्हणायची, मी खोटं बोलले नाही. ते म्हणायचे, बरं. मरेपर्यंत 'बरं'च म्हणत राहिले. त्यांना खरं वाटलं की नाही, मला कधी कळलं नाही."

"ते मला विचारायला आले होते," मिस्त्री म्हणाला. आणि ते 'मला काय माहीत'ही त्याने तिला सांगितले. लपवले नाही. तिने मान फिरवली.

पलीकडे बँड वाजू लागला. मिस्त्रीने हात जोडले. "माफी मागायला तोंड नाही मला. तुम्ही सांगाल ते करतो."

"चौथी चिठ्ठी लिहा."

"अं?"

"जी लिहिली नाहीत ती. लिहा आता."

"आता कोण वाचणार, बाई? तळच बंद होतोय."

"मी वाचणार."

त्याच्या पेटीच्या तळाशी लाल चिठ्ठ्यांचा एक जुना गठ्ठा होता. माझ्या पत्र्यावर ठेवून त्याने लिहिले. अक्षर तेच वळणदार. 'चावी डावीकडे अडकली आहे. फिरत नाही. वापरू नये.' खाली त्याने आजची नव्हे, त्या महिनाअखेरीची तारीख घातली, मग थांबून तिच्याखाली आजचीही घातली आणि सही केली. सुतळीने चिठ्ठी चावीला बांधली. बिघडलेला भाग चिठ्ठीसकट काढून द्यायचा हा तळावरचा नियम, म्हणून त्याने पान्याने चावी सोडवली आणि तिच्या हातात ठेवली.

तिने चिठ्ठी दोनदा वाचली. मिस्त्रीला माफ केले असे ती म्हणाली नाही. उतरताना मात्र तिने त्याच्या खांद्याचा आधार घेतला, आणि काठी टेकत ती ज्या वाटेने आली होती त्याच वाटेने गेली. मिस्त्री त्या भोकावर हात ठेवून बँड थांबेपर्यंत उभा होता.

ती चिठ्ठी तिने पुढे कुणाला दाखवली का, कागदावरचा शेरा कुणी खोडला का, मला माहीत नाही. तळाची जागा आता गावाची बाग झाली आहे. धावपट्टीवर लोक सकाळी चालायला येतात. मिस्त्री दोन वर्षे येत होता, हल्ली दिसत नाही.

तेव्हा मित्रांनो, माझ्यात खुशाल बसा, दांडा ओढा, काचेवर थुंकी उडवा. फक्त एवढे करा. तुमच्या हाताखालची एखादी वस्तू बिघडली, तर ती बिघडली आहे असे त्याच दिवशी म्हणा. कुणी चिठ्ठी सोडून खिशात घातली तर दुसरी बांधा, तिसरी बांधा, आणि चौथ्यांदा हात आखडू लागला तर जेवण राहू द्या पण ती लिहा. पुढच्या वेळी कुणी लहान मूल माझ्या भोकात बोट घालून विचारेल, इथे काय होतं, तर त्याला सांगा की इथे एक चावी होती, ती फिरत नव्हती, आणि हे सांगायला आम्हाला चोवीस वर्षे लागली.